कार्यक्रमापुरती बंद

"'मी ऑटिस्टिक आहे' असं नाही हं म्हणायचं," मॅडम म्हणाल्या आणि इतकं गोड हसल्या की फूटपट्टीला वाटलं, आपल्या तोंडून चुकून शिवी गेली की काय!

"मग काय म्हणू?"

"'मी विशेष क्षमतांची व्यक्ती आहे.' म्हणून तर बघा एकदा. किती छान वाटतं!"

"कुठल्या क्षमतांची?"

"अं... विशेष."

"हो, पण कुठल्या? मला पोहता येत नाही. गाता येत नाही. चादरींच्या घड्या घालता येतात, पण त्या काकूंनाही येतात."

मॅडमनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. इस्पितळाच्या कर्मचारी-कल्याण अधिकारी म्हणून त्या नव्यानेच आल्या होत्या आणि असे श्वास घ्यायचं त्यांचं रीतसर प्रशिक्षण झालेलं असावं. "उद्या तुमच्या सत्काराला सगळे वरिष्ठ येणार आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दोन-तीन वाक्यंच बोलायची आहेत. ती नीट जावीत, एवढीच माझी इच्छा. शब्दांनी माणूस दुखावतो ना?"

"मी नाही दुखावत. मला बेलचा त्रास होतो."

"ते आहे माझ्या लक्षात. तुमच्या भावना माझ्यापर्यंत पोहोचल्यात."

भावना पोहोचल्या हे चांगलंच झालं. पण बेल होती तिथेच होती.

फूटपट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते ठेवलं होतं काकूंनी, आणि काकू म्हणजे कुणा एकीची सख्खी काकू नव्हे, अख्ख्या लाँड्रीची. इस्पितळाच्या चादरी धुऊन वर यायच्या, गरम रोलरमधून सपाट होऊन बाहेर पडायच्या, आणि मग एका टोकाला फूटपट्टी, दुसऱ्या टोकाला काकू अशी घडी चालायची. एवढी लांबलचक चादर एकटीच्या हातची नसतेच. दोघींनी ताणून धरायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत येऊन कोपऱ्याला कोपरा भिडवायचा. सूतभर जरी तिरकी झाली तरी फूटपट्टी पुन्हा उलगडायला लावायची.

"अगं, पेशंट झोपणार आहे तिच्यावर," काकू कावायच्या. "भूमितीचा पेपर नाही सोडवणार!"

"मला दिसतं ना पण, तिरकं."

"तुला दिसतं म्हणून माझी कंबर गेली. धर, फूटपट्टे, धर!"

असं दिवसभर चालायचं. बाहेरच्याला वाटलं असतं, या दोघींचा उभा दावा आहे. पण फूटपट्टीला या भांडणाइतकं आवडायचं असं जगात दुसरं काही नव्हतं. इथे पुढे काय होणार ते ठाऊक असायचं. चादर यायची, काकू चिडायच्या, कोपरे जुळायचे.

तसे शब्दांचे प्रकार तिने जन्मभर ऐकले होते. आजी 'भोळी' म्हणायची. शाळेतल्या बाई 'हट्टी' म्हणायच्या, आणि मागच्या बाकावरची मुलं काय म्हणायची ते सोडाच. नातेवाईक तर शब्दच वापरायचे नाहीत, नुसता आवाज खाली आणून म्हणायचे, "ती जरा... तशी आहे." तिशी उलटल्यावर याच इस्पितळातल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिच्याशी चार वेळा निवांत बोलून तिला सांगितलं, की तुम्ही ऑटिस्टिक आहात. आयुष्यभर दुसऱ्याच्या चपला घालून फिरलेल्या माणसाला एकदाच्या आपल्या मापाच्या मिळाव्यात, तसं झालं तिला! त्या दिवशी तिने ते आईला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, बसच्या कंडक्टरलासुद्धा सांगितलं. कंडक्टर म्हणाला, "बरं. उतरायचं कुठे?"

काकूंनी मात्र नीट विचारलं होतं. "बरं होतं का गं ते?"

"नाही. बरं व्हायचं नसतंच ते. मी आहेच अशी."

"मग राहू दे की. चल, धर कोपरा."

विषय तिथेच संपला होता.

भानगड झाली ती लाँड्रीची डागडुजी झाल्यावर. पूर्वी खालून चादरींची गाडी आली की गाडीवाला दार ठोठावायचा आणि "आलो गं बायांनो!" म्हणायचा. आता लिफ्टलाच वायर जोडून रोलरच्या बरोबर वर बेल बसवली होती. गाडी वर आली की बेल आपोआप वाजायची. बाकीच्यांना ती नुसती कर्कश वाटायची. फूटपट्टीला वाटायचं, दातांच्या डॉक्टरांचं मशीन कुणीतरी थेट कवटीत घातलंय. आवाज गेल्यावरही तो अंगात राहायचा, अक्षरं-माणसं-भिंती सगळ्यांचा एकच कालवा व्हायचा. एकदा तर ती टेबलाखाली शिरून डोक्यावर टॉवेलांचा ढीग घेऊन बसली होती. आणि महिन्याभरापूर्वी, ती चादर आत सरकवत असतानाच बेल झाली, हात उडाला आणि मनगट रोलरला लागलं. अजून तिथे चट्टा होता.

त्या दिवशी मॅडम स्वतः बर्फ घेऊन धावत आल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं.

"ही बेल बाहेर बोळात लावता का?" फूटपट्टीने विचारलं होतं. "तिथूनही ऐकू येईल. भिंतीपलीकडे फक्त."

"तो विषय बांधकाम विभागाचा आहे. पण मी तुमच्यासाठी दुसरं बघते."

त्यांनी बघितलेल्या दुसऱ्या गोष्टी दोन होत्या. पहिली म्हणजे तिला स्वागतकक्षात बसवायचं. तिथे बेल नाही, चादरी नाहीत, काहीच नाही. नुसतं टेबलामागे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसायचं. न हसता येणाऱ्या बाईला हसायची नोकरी! आणि दुसरी म्हणजे कार्यशाळा.

कार्यशाळा सन्मानाच्या भाषेवर होती. सगळ्या कामगारांना बोलावलं होतं आणि फूटपट्टीला पहिल्या रांगेत अगदी मधोमध बसवलं होतं. मॅडमनी पडद्यावर लाल अक्षरांत एकेक शब्द दाखवायला सुरुवात केली. 'वेडी' म्हणायचं नाही. 'खुळी' म्हणायचं नाही. 'अर्धवट', 'चक्रम', 'डोक्यावर पडलेली' मुळीच म्हणायचं नाही. प्रत्येक शब्दाला सगळ्या माना वळून तिच्याकडे बघत होत्या. आजवर सुट्या सुट्या मिळालेल्या शिव्या तिला त्या दिवशी एकगठ्ठा मिळाल्या, तेही आदरपूर्वक. शेवटी मॅडम म्हणाल्या, "टोपणनावंसुद्धा नकोत. 'फूटपट्टी' वगैरे माझ्या कानावर आलंय. पुन्हा ऐकलं तर समज द्यावी लागेल." काकूंनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी रोलरमधून पहिली चादर बाहेर आली.

"तुम्ही कोपरा धरता का?" काकू म्हणाल्या.

फूटपट्टीने मागे वळून बघितलं. मागे कुणीच नव्हतं. "काकू, मला 'तुम्ही' का म्हणताय?"

"नोकरीचं बघावं लागतं बाई... ताई. माझ्या तोंडाला लगाम नाही. त्यापेक्षा बोलायलाच नको."

आणि त्या खरंच बोलेनाशा झाल्या. चादर तिरकी झाली तरी कावेनात. बाकीच्याही, ती आली की मध्येच थांबायच्या, जिभेवरचा शब्द तपासून बघायच्या आणि गिळून टाकायच्या. लाँड्रीत आता दोनच आवाज उरले होते. रोलरची घरघर, आणि बेल.

सत्कार लाँड्रीतच ठेवला होता. कामाच्या जागी फोटो चांगले येतात म्हणे. रोलर बंद केला, खुर्च्या मांडल्या, फलक लावला. फूटपट्टीच्या छातीवर 'विशेष सहकारी' असा चकचकीत बिल्ला टोचला. वरिष्ठ आले, फोटोवाला आला. मॅडम माइक घेऊन पुढे झाल्या.

"एक विनंती. आज आपण टाळ्या वाजवायच्या नाहीत. यांना मोठा आवाज सहन होत नाही. टाळीऐवजी दोन्ही हात असे वर करून हलवायचे."

सगळ्यांनी हात वर करून हलवून बघितले. फोटोवाल्याने ते टिपलं.

फूटपट्टी मॅडमकडे बघतच राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं, आपल्यालाच नीट सांगता येत नाही. म्हणून तिने तेच वाक्य निरनिराळ्या तऱ्हांनी जुळवून बघितलं होतं, रात्री आईपुढे म्हणून बघितलं होतं. आणि यांना माहीत होतं. आवाज सहन होत नाही हे यांना अगदी व्यवस्थित माहीत होतं!

तिच्या हातात माइक आला. वाक्यं पाठ होती. मॅडमची नव्हे, स्वतःची.

"मी ऑटिस्टिक आहे."

"विशेष," मॅडम बाजूने कुजबुजल्या.

"मी ऑटिस्टिक आहे. मला चादरींचं काम आवडतं. मला स्वागतकक्षात बसायचं नाही. ही बेल बाहेर बोळात लावा."

सगळे हात वर गेले आणि हलले. पहिल्या रांगेतल्या एका साहेबांनी तर चष्मा काढून डोळे पुसले. मॅडमनी अलगद माइक काढून घेतला. "किती निरागस! यांना असं म्हणायचंय, की..."

"मला म्हणायचं होतं ते मी म्हटलं."

थोडा हशा पिकला. मॅडमही हसल्या. "म्हणूनच मी म्हणते, ज्यांना आपलं म्हणणं मांडता येत नाही, त्यांचा आवाज आपण सगळ्यांनी..."

आणि बेल झाली.

ती बरोबर मॅडमच्या डोक्यावर झाली. माइक हातातून सुटला, फोटोवाला दचकून मागच्या खुर्चीवर बसला, चष्मेवाल्या साहेबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. फूटपट्टी भिंतीला टेकून, डोळे मिटून, अंगातला आवाज ओसरायची वाट बघत राहिली.

"बाई गं! काय ही बेल!" मॅडम छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "कुणीतरी कार्यक्रमापुरती बंद करा हो!"

कोपऱ्यात उभा असलेला वायरमन स्टूल घेऊन आला. वर चढला, एक स्क्रू फिरवला, एक वायर बाहेर ओढली आणि खाली उतरला.

"झालं?" फूटपट्टीने विचारलं.

"झालं."

"एवढंच होतं?"

"एवढंच."

पुढचं भाषण तिला ऐकू आलं नाही. ती त्या वायरच्या लोंबत्या टोकाकडे बघत होती. तिला वाटलं होतं, भिंत फोडावी लागत असेल. वरून मंजुरी आणावी लागत असेल. बांधकाम विभाग म्हणजे कुठेतरी मोठी कचेरी असेल आणि तिथली माणसं फार कामात असतील.

कार्यक्रम संपला. खुर्च्या गेल्या, फलक गेला. मॅडमनी जाताना तिचा हात हातात घेतला. "मनापासून बोललात. सोमवारपासून स्वागतकक्षात या. तिथे शांत असतं."

"मी इथेच येणार."

"घरी विचार करा," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या चपलांचा आवाज बोळातून दूर गेला.

रोलर पुन्हा तापायला लागला. वायरमनने स्टूल ओढलं.

"काय करताय?" फूटपट्टी म्हणाली.

"बेल जोडतोय."

"नका जोडू."

"कार्यक्रमापुरती बंद करा म्हणाल्या होत्या. कार्यक्रम झाला ना?" तो काही वाईट माणूस नव्हता. सांगितलं तेवढं करणारा होता. त्याने वर चढून वायरचं टोक पकडलं.

फूटपट्टीला खूप बोलायचं होतं. पण ती फार चिडली की शब्द तिला सोडून जायचे. खरे, खोटे, विशेष, सगळेच. कसेबसे चार गोळा झाले. "एवढी चादर होऊ दे." तिने मनगट पुढे केलं. "मध्येच वाजली तर हात आत जाईल."

वायरमनने चट्ट्याकडे पाहिलं. "बरं. एक चादर."

तिने टोक धरलं. दुसरं टोक रोलरवर तसंच लोंबत राहिलं. काकू पलीकडच्या टेबलाशी टॉवेल निवडत होत्या, मान खाली घालून. चादर एकटीच्या हातची नव्हती. फूटपट्टी टोक धरून उभी राहिली.

काकूंनी दाराकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. टॉवेल टेबलावर आपटला.

"फूटपट्टे, ताणतेस किती? माझे हात काय रबराचे आहेत?" त्या येऊन टोक उचलत म्हणाल्या. आवाज बोळापर्यंत सहज गेला असेल.

दोघींनी चादर झटकली. बिल्ल्याची पिन कापडात अडकली. फूटपट्टीने बिल्ला काढला आणि चादरींतून सापडणाऱ्या पिना-बटणं ठेवायच्या डब्यात टाकला. मग त्या एकमेकींकडे चालत आल्या, कोपऱ्याला कोपरा भिडला.

"तिरकी आहे," फूटपट्टी म्हणाली.

"कुठे तिरकी?"

"सूतभर."

"देवा! उलगड."

"बाई, मला खाली कामं आहेत," स्टुलावरून वायरमन म्हणाला.

"थांब की रे," काकू म्हणाल्या. "तूही होतास ना कार्यशाळेत? काय शिकवलं? यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं. मग ऐक!"

चादरीची पुन्हा घडी झाली. या वेळी सरळ झाली. फूटपट्टीने ती ठेवली, वरून हात फिरवला. वायरमनने वायर वर उचलली.

तोवर तिने रोलरमधून दुसरी चादर ओढली होती आणि काकूंनी न सांगता तिचं टोक धरलं होतं.

"ही पण," फूटपट्टी म्हणाली. त्याच्याकडे न बघता.

रोलरमागे धुतलेल्या चादरींचा ढीग तिच्या खांद्याएवढा उंच होता. वायरमन वायरचं टोक बोटांत धरून स्टुलावर तसाच उभा राहिला, आणि त्याच्या पायाशी दोघी जणी कोपरे सांभाळत एकमेकींकडे चालत आल्या.