समुद्रफुलाची रिकामी बरणी

सोलापुरात समुद्र नाही, ही उणीव कॉलेजचा प्राणिशास्त्र विभाग दर डिसेंबरात कोकणात जाऊन भरून काढी. चाळीस मुलं. प्रत्येकाने छिन्नीने खडकावरून एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा खडकाला चिकटलेला जीव, आणि पोवळ्याचा एक तुकडा काढायचा, औषधाच्या पाण्यात घालून आणायचा. बरणीला दहा गुण. परीक्षा झाली की बरण्या लॅबमागे ओतायच्या.

शहात्तर साली सायराबानूने ओहोटीचे तीन तास खडक पालथे घातले. पोवळ्यांच्या जागी छिन्नीचे घाव होते. शेवटच्या डबक्यात एकच समुद्रफूल हात पसरून बसलं होतं. तिने छिन्नी पिशवीत टाकली, बरणीत नुसतं खारं पाणी भरलं आणि कुणाला हाक मारली नाही.

बाकी एकोणचाळीस जणांना काहीच सापडलं नाही. तरी त्यांच्या बरण्या भरल्या, कारण लॅबचा शिपाई महिपती धडधाकट नग ओतून न टाकता दरसाल नव्या लेबलाखाली काढी. त्याने तिलाही एक देऊ केलं.

"घ्या की सायराताई. बाहत्तर सालचं हाय, पर रंग बगा."

ती नको म्हणाली. अब्बांशी ठरलं होतं, पहिला वर्ग आला तर पुण्याला एम.एस्सी., नाहीतर कुर्डुवाडीचं स्थळ.

बाहेरगावचे परीक्षक बरण्या बघत आले. किनारा भलताच समृद्ध दिसतो, असं विभागप्रमुख वीरभद्रप्पा सरांना म्हणाले. सर खिडकीबाहेर बघत राहिले. मग सायराचं लेबल आलं : 'समुद्रफूल. एक दिसले. आणले नाही.'

परीक्षक भला माणूस होता. कुणाची तरी बरणी मागून घे, मी तोवर चहा घेतो, असं त्यांनी सुचवलं.

"सर, ही एकोणचाळीस फुलं बाहत्तरपासून परीक्षेला बसतायत," सायरा म्हणाली. "यंदा त्यांना पास करून सोडून द्या. माझं तिकडेच राहू द्या."

दहापैकी शून्य मिळाले. पहिला वर्ग सहा गुणांनी गेला.

अब्बा, म्हणजे राजेसाब, ट्रक चालवत. त्यांनी निकाल वाचला, तिने घरी परत आणलेली बरणी उजेडात धरून बराच वेळ पाहिली, आणि कुर्डुवाडीला पत्र टाकलं की मुलीची परीक्षा अजून संपलेली नाही.

ऑक्टोबरात वर्ग सुधारायला सायराबानू पुन्हा परीक्षेला बसली. बरणी तीच होती. लेबलही.