हललेले फोटो

आमचे हे दवाखान्यात एक्स-रे काढायचे. अख्खी नोकरी तीन वाक्यांत झाली: "हलू नका. श्वास धरा. झालं." पेशंट हलला की एक्स-रे बाद, पुन्हा काढायचा. हाच कायदा घरीही. कुणाचाही फोटो जरा हललेला दिसला की हे पुसून मोकळे, मग तो त्यांच्या सख्ख्या आईचा का असेना. माझा तर एकही फोटो टिकला नाही, कारण बोलताना मी हात, मान, सगळंच हलवते. "तुझा फोटो काढणं म्हणजे माशीचा फोटो काढणं," असं म्हणायचे. मी उलट्या स्वभावाची. मला फाटकी पिशवी टाकतानाही वाईट वाटतं. यावरून आमची जन्मभर जुंपली, आणि खरं सांगते, ती भांडणं मला आवडायची.

कॉम्प्युटरचं खातं त्यांच्याकडे. दोन लॅपटॉप, दोघांना नावं यांनीच दिलेली. माझा जेवणाच्या टेबलावर असतो म्हणून 'स्वयंपाकघर'. त्यांचा 'अंधारखोली', एक्स-रे धुतात तिच्यावरून. दोन्ही इंटरनेटवरच्या एकाच फोल्डरला जोडलेले. "इकडे ठेवलं की तिकडे आपोआप जातं, काळजी मिटली," असं त्यांनी मला सांगितलं होतं. मीही मग काळजी केली नाही.

हे गेले त्याला आता वर्ष होईल. मागे ढीगभर फोटो राहिले, पण त्यांत हे कुठेच नाहीत. कॅमेऱ्यामागचा माणूस फोटोत येणार कसा? आवाज म्हणाल तर एकच क्लिप. शेवटच्या आजारात मी फोनवर काढलेली. हात थरथरत होता, त्यामुळे छत दिसतं, पलंगाची कड दिसते, यांचा अर्धा कान दिसतो. आणि हे म्हणतात, "पंखा जरा कमी कर गं." बस्, एवढंच. तो फोन पुढे पाण्यात पडला, क्लिप तेवढी फोल्डरमध्ये राहिली. रोज दुपारी जेवण झालं की टेबलाशी बसून मी ती ऐकायची. माझे दिवस त्यावर चालले होते.

मी काढलेले, यांच्यापासून लपवून ठेवलेले हललेले फोटोही हे गेल्यावर मी फोल्डरमध्ये टाकले होते. मग फोटो कमी व्हायला लागले. आधी गेला तो समुद्रावरचा, ज्यात निम्मा माझा अंगठा होता. म्हटलं, आपलाच हात लागला असेल. मग भाच्याच्या लग्नातले दोन गेले. मग पुतणीचा, उडी मारतानाचा. शेवटी राहिलेले नीट बघितले. राहिलेले सगळे स्वच्छ होते. हललेला म्हणून एकही शिल्लक नव्हता.

नणंदेला बोलावलं. तिला सगळे चिमणी म्हणतात. नावाचीच चिमणी, दारातून आली की खोली भरते. एका मोठ्या ऑफिसातले कॉम्प्युटर ती सांभाळते. तिने माझ्या लॅपटॉपकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"वहिनी, याला बॅकअप नाही म्हणत. ही नुसती जोडणी आहे. एकीकडे पुसलं की दुसरीकडेही पुसलं जातं. दादाने एवढंही नाही सांगितलं तुला?"

"ते असू दे. पुसतंय कोण?"

तिने कुठली तरी नोंद उघडली. एकाखाली एक तीच ओळ होती. 'फाइल काढली: अंधारखोली.' रोजची, पहाटेची. यांची उठायची वेळ.

"कचरापेटीसुद्धा रिकामी केलेली आहे," चिमणी म्हणाली. "दादाचीच पद्धत." आणि तिने कपाटावर नजर टाकली.

अंधारखोली कपाटावर होती. तिची बॅटरी फुगली म्हणून चिमणीनेच काढून नेली होती, आणि चार्जर शेजारणीकडे गेला होता. आम्ही स्टुलावर चढून लॅपटॉप खाली घेतला. झाकणावर बोटभर धूळ. चिमणीने खालून हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"वहिनी, तू लावून बघ."

कोमट होता. कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीसारखा. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि त्याच दमात मला हसूही आलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्याकडे मेल्यावरही गेली नव्हती. चिमणी काही हसली नाही.

"जुन्यापासून सुरू करून पुढे येतोय," ती नोंद बघत म्हणाली. "आता आजारपणाच्या महिन्यांशी आलाय."

माझं हसू तिथेच विरलं. घरातली सगळ्यात जास्त हललेली चीज ती क्लिपच होती. उद्या-परवा तिची पाळी.

चिमणीने तिच्या पर्समधून दोन डिस्क काढल्या. "तीन ठिकाणी हवं. एक इथे लॅपटॉपवर, एक या डिस्कवर, आणि दुसरी डिस्क माझ्या घरी. उद्या इथे आग लागली तरी माझ्याकडे राहील. कॉपी झाली की तार काढायची. तार काढली की कुणाचाही हात पोचत नाही." कुणाचाही, यावर तिने जोर दिला. "आणि उघडून बघितल्याशिवाय कॉपी झाली म्हणायचं नाही."

कॉपी झाली. उघडून बघितली. "पंखा जरा कमी कर गं." चिमणीने डोळे पुसले. मग तिने जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली आणि अंधारखोलीवर बोट ठेवलं.

"हे काढून टाकते. एक बटण दाबलं की संपलं."

"थांब," मी म्हटलं.

"क्लिप सांभाळायची होती ना तुला?"

"सांभाळली की. आता त्यांचं त्यांना करू दे."

"वहिनी, मला भीती वाटते गं."

"भाऊ आहे तुझा."

"म्हणून तर," ती म्हणाली, आणि आपली डिस्क घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी फोल्डरमधून क्लिप गेलेली होती. माझ्या डिस्कवर मात्र सुखरूप. ऐकण्यापुरती तार जोडायची आणि लगेच काढायची, असं मी ठरवलं. त्यानंतर काहीच गेलं नाही. रोज उठून मी नोंद बघायची, नवीन ओळ नाही. पुसण्यासारखं काही उरलंच नव्हतं ना! घर इतकं शांत झालं की मला ते सोसेना. शेवटी एका सकाळी मी खिडकीचा फोटो काढला, मुद्दाम हात हलवून, आणि फोल्डरमध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी तो नव्हता.

मग मी रोजचा नेमच धरला. एक वाईट फोटो. कधी मोरीचा, कधी वाळत घातलेल्या टॉवेलचा. हे तो पुसणार, आणि मी नोंदीतली ती ओळ वाचून चहा टाकणार. "सवय लावू नकोस," चिमणी फोनवर म्हणाली. पालथ्या घड्यावर पाणी.

काल सकाळी आरशात माझाच फोटो काढला. हात मुद्दाम हलवावा लागला नाही, या वयात तो आपोआपच हलतो. आज बघते तर तो गेलेला, आणि त्याच्या जागी दुसरा आलेला. खाली लिहिलं होतं, 'नवी फाइल: अंधारखोली.'

फोटो कालच्या दुपारचा होता. टेबल, डिस्क, डिस्कची तार आणि मी. समोरून, यांच्या खुर्चीतून काढलेला. मी क्लिप ऐकतेय. डोळे मिटलेले, हात टेबलावर, मान स्थिर. श्वासही धरलेला असणार, कारण ते पंख्याचं वाक्य येण्याआधी मी नेहमी श्वास धरते. केससुद्धा हललेला नाही. जन्मात पहिल्यांदा माझा फोटो नीट आला होता. फाइलला नाव दिलं होतं, 'झालं'.

मी डिस्क जोडली, फोटो तिच्यावर घेतला, उघडून बघितला, तार काढली. मग यंत्रांची यादी उघडली. तिच्यात एकटं स्वयंपाकघर होतं.

स्टुलावर चढून मी तो लॅपटॉप खाली घेतला आणि खालून हात लावला. गार पडला होता. मग मी श्वास सोडला, आणि हे गेले त्या दिवशीही रडले नव्हते इतकी रडले.