सदतीस नंबरपर्यंतचे शेरे

मी गणित शिकवतो. अकरा वर्षं वर्गशिक्षक आहे आणि अकरा वर्षांत प्रगतिपुस्तकावर एकही शेरा मी स्वतः लिहिलेला नाही. शेरे माझी बायको लिहायची.

लबाडी करायची म्हणून नाही. मला सुचायचंच नाही. पहिल्या वर्षी मी सगळ्यांना ‘ठीक’ लिहायला निघालो होतो. ते बघून ती म्हणाली, “अहो, मुलं आहेत की रस्त्यावरचे दिवे?” तेव्हापासून जेवताना मी वर्गातलं सांगायचो, कोण पडलं, कोणी कोणाची पट्टी मोडली, आणि ती एका वहीत नंबर घालून एकेकाचा शेरा लिहून ठेवायची. नावं तिला पाठ नसायची, नंबर असायचे. मी ते माझ्या अक्षरात प्रगतिपुस्तकावर उतरवायचो. शाळेत मला सूक्ष्म निरीक्षणाचा माणूस समजत. मी कधी नाही म्हटलं नाही.

या वर्षी ती आजारी पडली. शेवटच्या महिन्यात तिला उठून बसता यायचं नाही, तरी मी शाळेतून आलो की विचारायची, “बोला, आज सव्वीस नंबरने काय केलं?” उशीवर वही ठेवून थोडं थोडं लिहायची. सदतीस नंबरपर्यंत लिहून झालं. पुढे पान कोरं आहे.

ती गेली त्याला तीन महिने झाले. दुसऱ्याच आठवड्यात वर्गात एक नवी मुलगी आली. ती कुठल्याच तासाला तोंड उघडायची नाही. तिच्याबद्दल घरी सांगायला कोणी नव्हतं, म्हणून मीही फार लक्ष दिलं नाही. खरं सांगायचं तर कोणाकडेच दिलं नाही. फळ्यावर उदाहरणं लिहायची, पुसायची, मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत डबा उघडायचा, बंद करायचा. डबा रिकामाच असे. पण अकरा वर्षांची सवय, तो घेतल्याशिवाय घरातून पाय निघत नव्हता.

प्रगतिपुस्तकं भरायची वेळ आली तेव्हा एका रविवारी सकाळी वही घेऊन बसलो. नंबर बघायचा, शेरा उतरवायचा. काय लिहिलंय ते मी वाचत नव्हतो. मी तिचं अक्षर बघत होतो. विसाव्या नंबरनंतर अक्षर तिरकं होत गेलं होतं. अडतीसपासून पुढच्या सगळ्यांना ‘ठीक’ लिहिलं आणि वही मिटली.

सोमवारी प्रगतिपुस्तकं घरी गेली. मंगळवारी पहिल्याच तासाला मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेने, बोलावलं.

त्यांच्या खोलीत दोन आया आणि एक वडील बसले होते. पहिली आई तोफेची. तोफ हा माझ्या वर्गातला असा मुलगा, की तो हळू बोलला तरी शेजारच्या वर्गातले उत्तर देतात. आईने प्रगतिपुस्तक उघडून वाचलं, “‘फार हळवी आहे. कोणी आवाज चढवला तर डोळ्यांत पाणी येते. जपावे.’ सर, काल याच्या आवाजाने घरमालक खाली आले होते. आणि हळवी? मुलगा आहे तो माझा.”

दुसरी आई रेडिओची. रेडिओ ही मुलगी सकाळी शाळेत बोलायला सुरुवात करते ती घरी जाऊन झोपेपर्यंत. तिच्यावर शेरा होता, ‘दिवसातून चार शब्द तरी बोलावे.’

“चार हजार म्हणायचंय का तुम्हाला?” आई म्हणाली. “कालपासून ती हे दाखवून बोलतेय. सरांनीच सांगितलंय म्हणते.”

वडील नव्या मुलीचे होते. ते भांडायला आले नव्हते. त्यांनी प्रगतिपुस्तक दोन्ही हातांत धरलं होतं. “सर, तुम्ही लिहिलंय, ‘आवाज खणखणीत आहे. वर्गात जरा कमी वापरावा.’ जुन्या शाळेत दोन वर्षं ती एक शब्द बोलली नव्हती. काल तिची आई हे वाचून रडली. मी फक्त आभार मानायला आलोय.”

मी त्यांना नुसता नमस्कार केला.

पालक गेल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, “सकाळपासून नऊ फोन आलेत. सर, तुमचं दुःख मी समजू शकते. पण हे काय आहे?”

मला एकच दिसत होतं. औषधांनी बायकोचं डोकं जागेवर राहिलं नव्हतं. मी रोज शेजारी बसून बोलत होतो, ती मान हलवत होती, हसत होती, आणि तिला काहीच कळत नव्हतं. शेवटचा महिना मी एकटाच बोलत होतो.

“सगळी पुस्तकं मागवून घ्या,” मोठ्या बाई म्हणाल्या. “शेऱ्यांवर पांढरी पट्टी चिकटवायची आणि वर शिक्का. ऑफिसात आहेत शिक्के. ‘उत्तम’, ‘समाधानकारक’, ‘प्रयत्नांची गरज’. शाळा सुटायच्या आत माझ्या टेबलावर. जमणार नसेल तर वर्ग दुसऱ्या सरांना देते, तुम्ही थोडी रजा घ्या.”

रजा म्हणजे घर. घरी काय करणार होतो मी?

हेडक्लार्कने तीन शिक्के आणि पॅड दिलं. “एकाच हाताने मारा सर, सरळ उमटतो,” म्हणाला. हे सगळं घेऊन मी वर्गात गेलो. वर्गात गोंधळ चालला होता. तोफ बाकावर उभा राहून रुमालाने डोळे पुसायचं नाटक करत होता आणि बाकीचे “जपा रे त्याला” म्हणत होते. मला बघून सगळे बसले.

“पुस्तकं द्या,” मी म्हणालो. “शेरे चुकलेत. सगळे रद्द.”

बहुतेकांनी मित्रांना दाखवायला आणलीच होती, बाकीच्यांना मधल्या सुट्टीत घरून आणायला सांगितली, आणि पालकांनी आणलेली तीन मी मोठ्या बाईंच्या खोलीतून घेऊन आलो होतो. ती जमा झाली. मी पहिलं पुस्तक उघडलं, पट्टी लावली, शिक्का शाईत दाबला आणि हात तसाच राहिला. माझी बायको त्या पट्टीखाली जाणार होती. चुकलेली का असेना.

“सर,” रेडिओ म्हणाली, “रद्द नका करू. सरकलेत फक्त.”

“काय सरकलंय?”

“शेरे. तोफेचा नवीकडे गेलाय. तोफेला अकरा नंबरचा आलाय. ती खरंच रडते सर, तुम्ही नुसतं ‘पुढे’ म्हणालात तरी. मला माझ्या पुढच्या नंबरचा आलाय. आम्ही सकाळी सगळे लावून बघितले. पहिल्या आठांचे बरोबर आहेत. नवापासून सगळे एक घर चुकलेत.”

मी वही काढली. हजेरीपट काढला. नवं मूल आलं की एरवी यादीत शेवटी घालतात. पण आमच्या हेडक्लार्कला शिस्तीची फार हौस. त्याने नव्या मुलीचं नाव अक्षरानुसार मध्ये, नवव्या नंबरवर बसवलं होतं आणि पुढच्या सगळ्यांना एकेक नंबर खाली ढकललं होतं. हजेरी मी रोज त्याच यादीवरून घेत होतो. वहीतले नंबर जुने होते. नंबर मोजायचं काम माझं. मी गणिताचा शिक्षक.

मी वही एकेक नंबर सरकवून वाचली. या वेळी पहिल्यांदा खरंच वाचली. दहाला तोफ. अकराला रडूबाई. पंचवीसला तो मुलगा, ‘दिवसातून चार शब्द तरी बोलावे, कारण जे दोन बोलतो ते फार चांगले असतात.’ पुढचं अर्धं वाक्य उतरवायचं मी विसरलो होतो. एकही चूक नव्हती. सदतीस नंबरपर्यंत तिने प्रत्येक मूल बरोबर ओळखलं होतं, एकालाही न बघता.

मी खुर्चीवर बसलो.

“काकू लिहायच्या ना?” रेडिओने विचारलं.

“तुला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? पेपरवर तुम्ही ‘चूक’शिवाय काही लिहीत नाही. आणि प्रगतिपुस्तकावर म्हणे, ‘हसतो छान, पण तास संपेपर्यंत थांबावे.’ कोणाला खरं वाटेल सर?”

मग काम सुरू झालं. तोफ पट्ट्या कापत होता, रेडिओ शेरे मोठ्याने वाचत होती, मी पट्टीवर लिहीत होतो आणि रडूबाई डिंक लावत होती. दुपारपर्यंत एकोणतीस पुस्तकं झाली. पहिली आठ बरोबरच होती. पहिल्या पुस्तकावरची पट्टी मी ओली असतानाच काढली.

उरली नऊ. शेवटची आठ आणि नवी मुलगी. यांच्यासाठी वहीत काही नव्हतं.

आठांना एकेक करून टेबलाजवळ बोलावलं. काय लिहायचं ते सुचेना, तेव्हा मी मनात जेवायला बसलो आणि तिला सांगितलं, बेचाळीस नंबरचा खोडरबर वर्गात सगळ्यांकडे असतो, फक्त त्याच्याकडे नसतो. ते तसंच लिहिलं. तिच्यासारखं झालं नाही. पण ‘ठीक’ नव्हतं. असे आठ झाले. घड्याळात शाळा सुटायला वीस मिनिटं होती.

नवी समोर येऊन उभी राहिली. तिच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. मनात जेवायला बसूनही काही सांगता येईना. तिच्या वडिलांचे ते दोन हात दिसत होते. हा शेरा झाकायचा म्हणजे त्या घरातून तो आनंद परत काढून आणायचा. आणि खोटं ठेवायचं म्हटलं तर तोफेचा शेरा तिच्याकडे कसा ठेवणार?

“तुझ्याबद्दल काय लिहू?” मी विचारलं.

ती गप्प. शिपाई बाहेर घंटेपाशी जाऊन उभा राहिला होता.

“काहीही सांग. मला खरंच काही माहीत नाही.”

तिने खाली बघितलं, मग माझ्या पिशवीकडे बघितलं.

“तुमचा डबा रिकामा असतो,” ती म्हणाली. आवाज बारीक होता पण स्पष्ट होता. “मी पाणी प्यायला जाते तेव्हा खिडकीतून दिसतं. तुम्ही रोज उघडून बघता. रिकामाच असतो, तरी दुसऱ्या दिवशी परत आणता.”

मागून तोफ म्हणाला, “बोलली.” त्याच्या मानाने ते कुजबुजणंच होतं, पण शेजारच्या वर्गाने ऐकलं असणार.

मला पट्टी दिसेना. रडूबाईने न सांगता रुमाल पुढे केला. रुमाल डिंकाने भरलेला होता, तो गालाला चिकटला आणि वर्ग हसला. मीही हसलो. तीन महिन्यांनी हसलो ते असं, गालाला रुमाल चिकटलेला असताना.

मग मी पट्टीवर लिहिलं. ‘नजर बारीक आहे. दुसऱ्याचे न सांगता कळते. बोलते. मी स्वतः ऐकले आहे.’

घंटा झाली तेव्हा शेहेचाळीस पुस्तकं मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वरची दोन-चार उघडून वाचली, नवव्या नंबरवर थांबल्या आणि सही करायला पेन उघडलं.

“शिक्के कुठे आहेत?” त्यांनी विचारलं.

“हेडक्लार्ककडे परत दिले,” मी म्हणालो. “वापरले नाहीत.”