खळीचा डाग

त्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पट्ट्यातले कुत्रे, टोपलीतली मांजरं आणि त्यांच्यापेक्षा जास्त धापा टाकणारे त्यांचे मालक, सगळ्यांच्या माना एकाच टेबलाकडे वळलेल्या. टेबलामागे दाणेमहाराज उभे होते. त्यांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. कुत्र्यामांजरांचे दाणे विकतात म्हणून लोकांनीच हे नाव ठेवलं, आणि त्यांनी ते हसतहसत मिरवायला सुरुवात केली. अंगात गुडघ्यापर्यंतचा कडक पांढरा कोट, आवाज मधात घोळलेला.

"हे तुमचं दुकानातलं पाकीट!" त्यांनी चार दाणे पांढऱ्या बशीत चुरडून पाण्यात कालवले. "आणि हे माझं सत्यजल. खोटं बोलायला शिकलेलंच नाही बिचारं!"

बाटलीतून तपकिरी थेंब पडला आणि बघताबघता लगदा निळाकाळा झाला.

"विष," महाराज कुजबुजले. ओरडण्यापेक्षा कुजबुजल्याने माणूस जास्त घाबरतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मग त्यांनी स्वतःचे पिवळे दाणे दुसऱ्या बशीत कालवले. थेंब पडला, आणि त्याचा तपकिरी रंग जागच्या जागी नाहीसा झाला. "जिवंत अन्न! विष पचवून टाकतं. तुमच्या लेकरांच्या पोटातलंही असंच पचवेल."

हॉलमध्ये टाळ्यांचा पाऊस पडला. एक कुत्रा घाबरून भुंकला, तर महाराज म्हणाले, "बघा, त्यालासुद्धा पटलं!"

तिसऱ्या रांगेत मावशी पिशवीचा बंद पिळत बसली होती. इस्पितळाच्या धुलाईघरात तिची तीस वर्षं गेली होती. मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती मावशीच. घरी तिचं दुसरं कुणी नव्हतं. होता तो फक्त साहेब, तिचा चौदा वर्षांचा बोका. त्याच्या किडन्या कमजोर झाल्या होत्या आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला खास आहाराचं पाकीट लिहून दिलं होतं. तेच आता तिच्या पिशवीत होतं.

"दे की ते महाराजांना," शेजारीण तिला कोपराने ढोसत म्हणाली. तिनेच मावशीला इथे ओढत आणलं होतं. "बघू तरी तुझी बाई काय खायला घालतेय!"

मावशीने पाकीट पुढे केलं. थेंब पडला. काळा, कुट्ट काळा.

घरी पोचताच तिने उरलेलं पाकीट कचऱ्यात रिकामं केलं आणि साहेबाच्या वाटीत महाराजांकडून विकत आणलेले पिवळे दाणे ओतले.

पहिले दोन दिवस साहेबाने ते बरे खाल्ले. मग तो वाटी हुंगून नुसता बाजूला व्हायला लागला. मावशीला चैन पडेना. कामावरून आली की चप्पल न काढताच ती आधी वाटी बघायची, मग पाण्याचं भांडं, मग साहेबाची पाठ चाचपायची. मणके हाताला लागायला लागले होते. तिने महाराजांना फोन केला.

"विष बाहेर पडतंय, ताई! शुद्धीकरण चालू आहे. जितका अशक्त दिसेल तितका आतून बरा होतोय."

म्हणजे मेल्यावर ठणठणीतच होणार म्हणायचा, असं मावशीच्या ओठांवर आलं होतं. पण तिने ते गिळलं. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं ना काळं झालेलं!

बाराव्या दिवशी साहेब उलट्या करून पलंगाखाली जाऊन बसला. मावशीने त्याला टॉवेलात गुंडाळून दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मी दिलेलंच देताय ना?"

"हो," मावशी म्हणाली, आणि पुढच्याच क्षणी तिला रडू फुटलं. तिने पिवळ्या दाण्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. त्यावर सूर्याचं चित्र होतं आणि खाली 'जिवंत अन्न' एवढंच.

डॉक्टरीणबाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "मांजराचं की कुत्र्याचं, पिल्लाचं की म्हाताऱ्याचं, यात काय आहे, कुणी केलं, काहीच नाही? अहो, मांजराला मांसातली काही तत्त्वं लागतातच. ती यात आहेत की नाहीत, कुणाला विचारायचं? सूर्याला?" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "सलाईन लावते. पण किडनीचा गेलेला भाग परत येत नाही, मावशी. उरलंय ते सांभाळायचं."

दुसऱ्या दिवशी मावशी कामावर गेली खरी, पण सगळं लक्ष दवाखान्यात. ढिगातून तिने एक खळ दिलेला ॲप्रन उचलला. बाहीवर निळाकाळा डाग होता.

"आयोडीन सांडलंय वाटतं," जोडीदारीण म्हणाली. "थांब, गोळी आणते." तिने क जीवनसत्त्वाची आंबट गोळी पाण्यात विरघळवून बाहीवर ओतली. डाग गेला.

मावशी तो ओला ॲप्रन हातात धरून तशीच उभी राहिली. तीस वर्षं ती हाच डाग धूत आली होती. खळ म्हणजे पिठूळ पदार्थ, आयोडीन लागलं की काळा होणार. आणि गोळीचं पाणी पडलं की रंग जाणार. कापडावर असता तर तिने तो झोपेतही ओळखला असता. बशीत पडला आणि वर कुणीतरी 'विष' म्हणालं, तर तीच बाई गारद झाली होती. तिला स्वतःची इतकी चीड आली की तिने ॲप्रन बादलीत आपटला.

पुढच्या रविवारी महाराजांचं सत्यजल पुन्हा निघालं, आणि मावशी सरळ टेबलापाशी जाऊन उभी राहिली. पिशवीतून तिने पाव आणि उकडलेला बटाटा काढला.

"महाराज, यावर टाका की थेंब."

"हे माणसाचं अन्न आहे, ताई. सत्यजल त्याच्याशी बोलत नाही."

"बोलतं का बघू तरी!" मागून कुणीतरी म्हणालं. मावशीने बाटली उचललीच होती. पाव काळा झाला. बटाटा काळा झाला.

"सकाळी पाव खाल्लेल्यांनी हात वर करा," मावशी म्हणाली. "सगळे जिवंत आहात ना?"

हशा पिकला. महाराज बाटली हिसकावायला पुढे झाले, तशी मावशीने त्यांची कडक बाही पकडली आणि तिच्यावर एक थेंब सोडला. पांढऱ्याशुभ्र कोटावर निळाकाळा डाग पसरला.

"अगं बाई, महाराजांचा कोटच विषारी निघाला!" शेजारीण ओरडली.

"खळ दिलीय," मावशी म्हणाली. "चांगली दिलीय, तेवढं मात्र मानलं."

मग तिने पिवळे दाणे बशीत कालवले. पहिला थेंब नाहीसा झाला. दुसराही. महाराजांचा चेहरा जरा खुलला. मावशी थांबली नाही. तिसरा, चौथा, पाचवा. सहावा थेंब जरा रेंगाळला. सातवा पडला आणि बशी काळी झाली.

पुढच्या रांगेतले लोक उठून बशीत डोकवायला लागले.

"यात पावाचा चुराच आहे किंवा तसलंच काही," मावशी म्हणाली. "वरून क जीवनसत्त्व घातलंय. ते असेपर्यंत आयोडीनचा रंग टिकत नाही. ते संपलं की बशी काळी. तुमच्या पाकिटातही धान्य आहे, म्हणून ते काळं होतं. धान्य म्हणजे विष नव्हे!"

महाराज बाटली आवरून मागच्या दाराने निघाले होते. त्यांच्याकडे फारसं कुणी बघत नव्हतं. शेजारणीने मान खाली घातली होती.

"त्यांना दोष देऊन मला मोकळं होता येत नाही," मावशी म्हणाली. "वाटी मी भरली. माझा साहेब बारा दिवस अर्धपोटी माझ्यावर विश्वास ठेवून बसला. आज सकाळी त्याने डॉक्टरीणबाईंच्या हातून चार दाणे खाल्ले. पुढे किती दिवस खाईल, त्या सांगू शकत नाहीत."

तिने डोळे पुसले आणि पिशवी खांद्याला लावली. तिला दवाखान्यात जायची घाई होती.

"पाकिटावर कुठल्या प्राण्याचं, कुठल्या वयाचं, पूर्ण आहार आहे की नुसता खाऊ, किती द्यायचं, कुणी केलंय, हे लिहिलेलं असतं. ते वाचा. महाग आहे म्हणून घेऊ नका, काळं झालं म्हणून टाकू नका. आजारी असेल तर डॉक्टरांना विचारा आणि खरं सांगा. आपण घालू ते ही मुकी जनावरं खातात. त्यांना विचारता येत नाही, म्हणून आपण विचारायचं."