तळघराबाहेरचा गाळ

मी एक जुना गाळ आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! दह्याला जसं विरजण, तसा बिअरला मी. जवाचा गोड रस खातो, फसफसतो आणि काम संपलं की तळाशी जाऊन बसतो.

बव्हेरियातल्या आमच्या गावात मला कोणी विकत घेत नाही. गावाची भट्टी एकच, तिच्यावर घरोघरच्या पाळ्या. ज्याची बिअर आधी उतरली, त्याच्याकडून पुढच्यानं मला बरणीतून न्यायचं, अशी रीत. बिअर जमली की त्या घराच्या दारावर लाकडी चांदणी टांगतात आणि सारं गाव तिथं प्यायला जमतं. बिघडली, तर मला सिंकमध्ये ओततात. माझी कितीतरी भावंडं तशी गेली.

माझा जन्म थंडगार तळघरातच गेला. ऊब लागली की हा गाळ बिअर नासवतो, असं सगळे म्हणत. मीही ते खरंच मानत होतो.

त्या वसंतात पाळी आली रोझविताची. ती द्राक्षांच्या मुलखातून इथं सून होऊन आलेली. नवरा ट्रक घेऊन कायम बाहेरगावी. वालबुर्गा, म्हणजे तिची सासू, आधीच बजावून बसली होती, "या खेपेला चांदणी लागली नाही, तर या घराचीही पाळी गेब्हार्टकडे जाईल."

गेब्हार्ट हा धाकटा दीर, वेगळं घर करून राहणारा; त्याच्या घराची पाळी वेगळी. मला बरणीतून घेऊन आला तोच. भट्टीवर उकळलेला रस टबातून घरी पोचला आणि बघतात तर काय, तळघरात गुडघाभर पाणी! डोंगरावरचं बर्फ वितळून झिरपलं होतं. रस काही थांबत नाही, मला लगेच घातलं नसतं तर तो आंबून वाया गेला असता.

"ओता डुकरांपुढे, वहिनी," गेब्हार्ट हसला. "तुमच्या माहेरी द्राक्षं तुडवली की झालं. इथं तळघर लागतं!"

"भाऊजी, तोंड चालवू नका, टबाची दुसरी कडी धरा."

टब कपडे धुवायच्या खोलीत गेला. तिथं तळघराच्या दुप्पट ऊब. रोझवितानं अख्खी बरणी त्यात उपडी केली आणि मला म्हणाली, "बघू तरी, काय करतोस ते."

मित्रांनो, हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं! मलाही बघायचं होतं. काय सांगू, अंगात वारं शिरलं! तळघरात मी पेंगत पेंगत खायचो, इथं सकाळपर्यंत टब फेसानं भरला.

पण मग नासक्या अंड्यांचा वास सुटला. सासूबाईंनी अॅप्रन नाकाला लावला. "गेला! माझ्या घराचा मान गेला!"

मी पार हादरलो. वास माझाच होता. तसा तो तळघरातही यायचा, पण तिथं हुंगायला येत होतं कोण? रोझविता मात्र येता-जाता झाकण उचलायची, हुंगायची, चमचाभर चाखायची. "थांबा आई, कालच्यापेक्षा कमी आहे."

वास हळूहळू विरला. मी तळाशी बसेपर्यंत तळघरातलं पाणीही उपसून झालं. बिअर पिंपांत भरून खाली गारव्यात मुरायला गेली, आणि मी पुन्हा बरणीत.

चाखायच्या दिवशी माझी बरणी सिंकच्या काठावर ठेवली होती. सासूबाईंनी एक घोट घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला. माझा जीव टांगणीला!

"अगं, बघत काय बसलीस? चांदणी काय मी टांगू या वयात? चढ शिडीवर!"

रोझविता हसता हसता रडली. मलाही फार आनंद झाला.

गावानं बाक भरले. शेवटी गेब्हार्ट आला, रिकामी बरणी घेऊन. "वहिनी, गाळ द्याल का थोडा? पुढची पाळी माझ्या घराची."

"देते की. डुकरांनी काही उरवलं असेल तर!"

तो ओशाळला. मग हळूच म्हणाला, "आणि... ठेवायचा कुठं? वर की खाली?"

"ते मला काय विचारता? त्याला विचारा. आणि विचारलंत की रोज झाकण उचलून बघा."

मित्रांनो, मला स्वच्छ बरणीत ठेवा, उपाशी ठेवू नका. आणि एखाद्याला अमुकच झेपतं असं कोणी सांगितलं, तर तुम्हीही त्यालाच विचारा. पण विचारून निघून जाऊ नका. रोज झाकण उचलायला या.