धुळाचा भंडारा आणि माझी झीज

मित्रांनो, मी एक जुनी सोन्याची चेन आहे. गळ्यातली नव्हे, मनगटावरच्या घड्याळाची. सध्या माझा मुक्काम एका स्टीलच्या डब्यात, मऊ फडक्यात आहे. उद्या मला मुशीत घालून वितळवणार आहेत. वितळायला मी भीत नाही, सोन्याला विस्तवाचं काय नवल! पण जाण्याआधी एक गोष्ट सांगून मोकळं व्हायचं आहे. माझ्यामुळे एका सरळ माणसावर चोरीचा आळ आला. मला तोंड नाही, मी काय करणार, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं. तरी ते मनातून जात नाही.

माझा मालक धुळा हा पलूसपासून चार कोसांवरच्या एका वाडीचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. धुळा मात्र तरुणपणी गलाईच्या धंद्यात शिरला आणि दूर मद्रासकडच्या एका गावी जाऊन राहिला. गलाई म्हणजे सोनं गाळण्याचं काम. सोनाराच्या दुकानातला केर, झाडूची धूळ, कारागिरांनी हात धुतलेलं पाणी, सगळं हे लोक विकत घेतात आणि जाळून-गाळून त्यातून सोन्याचा कण न्‌ कण काढतात. धुळाचा त्यात हातखंडा होता. चिमूटभर राख बोटांत चोळून तो सांगायचा, हिच्यात सोनं आहे की नाही ते.

गावी परतायच्या आधी त्याने मला तिथल्याच एका कारागिराकडून घडवून घेतलं. सोनं होतं त्याच्या बायकोचं, बनाबाईचं. तिच्या आईने लग्नात घातलेली बोरमाळ मोडून माझा जन्म झाला. माळ गळ्यातून काढताना बनाबाई रडली नाही. तिने फक्त एक शब्द मागून घेतला.

"आवं, सोनियाच्या लग्नात ह्याच सोन्याची बोरमाळ माझ्या लेकीच्या गळ्यात पडली पायजे. गुंजभर बी कमी न्हाई."

धुळाने मान डोलावली. सोनिया तेव्हा पाळण्यात होती. म्हणजे मी कुणाची मिरवायची वस्तू नव्हतेच, मी एका मुलीची ठेव होते. पण हे मला फार उशिरा कळलं.

कारण सुरुवातीची वर्षं मी नुसती मिरवली. धुळा वाडीत आला तो भाव खातच आला. बोलता बोलता हात उंचावायचा, की मी सर्रकन कोपराकडे घसरायची, हात खाली केला की खळकन पंजावर यायची. मला सैल घालायची त्याला हौस होती आणि त्या आवाजाची मला. चार माणसं वळून बघायची आणि मी आणखी खळखळायची. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते. त्या प्रत्येक खळखळाटात माझी एक कडी दुसरीला खात होती, त्यांना जोडणारे खिळे झिजत होते आणि मी केसाकेसाने लांब होत होते.

दरवर्षी बिरोबाची जत्रा यायची. चांगभलं म्हणत माणसं मुठी-मुठींनी भंडारा उधळायची. हळदीच्या त्या धुरळ्यात माणूस माणसाला ओळखू येत नसे. धुळाचा हात सगळ्यांत वर असायचा आणि हातात मी. भंडारा माझ्या कड्याकड्यांत जाऊन बसायचा. घरी आल्यावर बनाबाई पाणी घेऊन यायची, तर धुळा हात मागे घ्यायचा. देवाचा भंडारा अंगावरून आपणहून जाईल तेव्हा जाईल, धुवायचा कसला, असं त्याचं म्हणणं. पिवळ्यावर पिवळं, दिसत तर काहीच नव्हतं. वर्षभर मग त्यात मेंढरांची धूळ मिसळायची, मोटरसायकलवरचा घाम मुरायचा.

चारेक वर्षांनी माझी अडकण नीट बसेना. धुळाने मला पलूसला स्टँडमागे अल्लाबक्षच्या दुकानात नेलं. अल्लाबक्ष घड्याळजी, धुळाचा शाळेपासूनचा सोबती. दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा आणि डोळ्याला लावायचं भिंग. पण त्याचा हात लागला आणि मला पहिल्यांदा वाटलं, की कुणीतरी मला ऐकतंय. त्याने मला आडवी धरली. मी खाली वाकले, जुनी दोरी वाकावी तशी.

"धुळा, ही चेन रडतीया गड्या," तो म्हणाला. "भंडारा, घाम आन्‌ धूळ. तिघं मिळून कानस झालीया आत. रोज घासती ती."

त्याने कोमट पाण्यात थोडा साबण कालवला आणि मऊ ब्रशने मला कडी कडी करून धुतलं. कोरडी केली, दोन खिळे बदलले, एक कडी काढून धुळाच्या हातात दिली. मग समजावून सांगितलं. चेन आणि मनगट यांच्यामध्ये एक बोट जावं, दुसरं जाऊ नये. मेंढरांत जाताना, गाडी चालवताना काढून ठेवावी. महिन्याला धुवावी, वर्षाला खिळे दाखवावेत. धुळा मान हलवत होता, पण त्याचं लक्ष त्या पिवळट पाण्याकडे होतं. देवाचा भंडारा धुऊन काढलास, हे त्याला रुचलं नव्हतं.

अल्लाबक्षच्या ते ध्यानात आलं. त्याने पाणी फेकलं नाही. तळाला बसलेला गाळ एका औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरला, वर कागद चिकटवला आणि त्यावर लिहिलं, 'धुळाचा भंडारा'.

"देवाचं हाय. गटारीत कसं टाकू?" तो म्हणाला. "जत्रंला जाशील तवा घेऊन जा."

"ठेव तुझ्यापाशीच," धुळा म्हणाला.

ती बाटली तिथेच राहिली. नंतरच्या वर्षांत धुळा मला चार-पाच वेळा दुकानात घेऊन गेला, तेही मी अगदी निखळायला आले तेव्हाच. दरवेळी अल्लाबक्षने तेच समजावलं, दरवेळी तोच गाळ त्याच बाटलीत गेला. आणि दुकानाच्या पायऱ्या उतरता उतरता धुळाने मला पुन्हा हातात चढवलं. काढलेली कडी तो घरी जाऊन पुन्हा जोडायचा, बरं का! खळखळाट बंद झालेला त्याला करमत नसे.

गेल्या दिवाळीत सोनियाचं लग्न ठरलं. वैशाखातली तारीख. बनाबाईने एकदाच आठवण करून दिली आणि धुळा मला घेऊन सांगलीला एका सराफाकडे गेला. काटा थांबला तिथे माझं वजन घडवलं तेव्हापेक्षा तीन ग्रॅम कमी भरलं. सराफाने सहज विचारलं, मध्ये कुणाच्या हातात दिली होती का?

मित्रांनो, मला माहीत होतं ते तीन ग्रॅम कुठे गेले. सदऱ्याच्या बाहीत गेले, मोटरसायकलच्या मुठीवर गेले, मेंढरांच्या लोकरीत गेले. जत्रेच्या मैदानात भंडाऱ्याबरोबर उडून गेले. मी स्वतः झिजवून, सांडून आले होते ते. जन्मभर दुसऱ्यांच्या दुकानातली धूळ गाळून सोनं काढणाऱ्या धुळाला आपल्या मनगटावरची झीज दिसली नाही. त्याला दिसला तो अल्लाबक्ष.

आठवडी बाजाराचा दिवस होता. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं, समोर चहाच्या टपरीवर दहा-पंधरा माणसं. धुळा पायरीवर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अल्लाबक्ष, माझ्या लेकीचं सोनं खाल्लंस तू."

अल्लाबक्षने डोळ्याचं भिंग काढलं. तो एवढंच म्हणाला, "तू बोललास, मी ऐकलं." आणि पुन्हा भिंग लावून समोरच्या घड्याळात मान घातली. मी तेव्हा धुळाच्या मुठीत होते. तुटून त्याच्या टेबलावर पडावं आणि माझे झिजलेले खिळे सगळ्यांना दाखवावेत, असं मला फार वाटलं. इतकी वर्षं नको तेव्हा निखळायला येणारी मी, त्या दिवशी घट्ट राहिले.

बोलणं फिरायला वेळ लागत नाही. लोक घड्याळं दुसरीकडे नेऊ लागले. संक्रांतीपर्यंत अल्लाबक्षने दुकान बंद केलं आणि तो कऱ्हाडजवळ मलकापूरला लेकीकडे राहायला गेला.

फाल्गुनात एका दुपारी त्याची लेक रुक्सार वाडीवर आली. आत ये म्हटलं तरी आली नाही. दारातच उभी राहून तिने पिशवीतून ती औषधाची बाटली काढली.

"तात्या, अब्बांनी दिलीया. दुकान आवरताना घावली. म्हणाले, देवाचं हाय, ज्याचं त्याला पोचलं पायजे."

ती गेली. धुळाने बाटलीतला गाळ ताटात ओतला, वाळवला, आणि सवयीने चिमूटभर बोटांत चोळला. त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला. त्याने ट्रंकेतली जुनी मूस काढली, अंगणात शेगडी पेटवली, टाकणखार घातला, भाता ओढला. बनाबाई दारात येऊन उभी राहिली. मूस थंड झाली तेव्हा तळाशी ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढा सोन्याचा मणी चकाकत होता.

धुळा मटकन खाली बसला. ज्याला सोनं खायचं आहे तो ते सोळा वर्षं बाटलीत भरून, वर मालकाचं नाव लिहून ठेवत नाही, हे गलाईवाल्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"मण्यासाठी बसलाय का माणसासाठी?" बनाबाईने विचारलं. "उठा. मलकापूरला जावा."

धुळा गेला. मला हातात घालूनच गेला. अल्लाबक्षच्या समोर बसून त्याने मणी पुढे ठेवला आणि म्हणाला, चुकलं माझं. अल्लाबक्षने मण्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाजारात बोललावतास," तो शांतपणे म्हणाला. "माफी हितं खोलीत मागतोस व्हय?"

पुढच्या आठवडी बाजाराला धुळा पलूसच्या त्या बंद दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. माझं सोनं मीच झिजवलं, अल्लाबक्षने त्यातला कण घेतला नाही, उलट सांभाळून परत दिला, असं त्याने मोठ्याने सांगितलं. टपरीवरची माणसं क्षणभर बघायला लागली, मग आपापल्या चहाकडे वळली. दिवाळीत ज्यांनी ते ऐकलं होतं, त्यातले निम्मे त्या दिवशी आलेच नव्हते. धुळा त्याच्या पुढच्या बाजारालाही गेला, आणि त्याच्याही पुढच्या.

काल तो मला घेऊन परत मलकापूरला गेला. हिला मुशीत घालायच्या आधी हिचे लोखंडी खिळे तूच काढ, दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही, असं म्हणाला. अल्लाबक्षने मला घेतलं. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ ब्रश. त्याच्या बोटांत राग नव्हता. तेच मला सोसवेना. एकेक खिळा काढून त्याने माझ्या कड्या फडक्यात बांधल्या. मग तळाचा गाळ बाटलीत भरला, झाकण घट्ट लावलं आणि बाटली धुळापुढे सरकवली.

"संगं घेऊन जा. आता माझ्यापाशी काय बी ठेवत जाऊ नकोस."

परतीच्या एसटीत धुळाने ती बाटली दोन्ही हातांत धरली होती. मनगट मोकळं होतं.

मित्रांनो, उद्या मी बोरमाळ होईन. त्या बारक्या मण्याला वितळवू नका, सोनियाच्या माळेत तो तसाच ओवा, असं बनाबाईने सांगितलं आहे. लेकीला ती त्याची गोष्टही सांगणार आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी चेन असेल, तर तिला मऊ ब्रशने धुवा, सैल लोंबकळू देऊ नका, तिचे खिळे वेळेवर दाखवा. ती झिजली तर उरलेलं सोनं मुशीत एकत्र होतं, नवा दागिना बनतो. पण कमी भरलं म्हणून कुणाचं नाव घ्यायच्या आधी आपलं मनगट एकदा उलटं करून बघा. पलूसच्या स्टँडमागचं ते दुकान अजून बंदच आहे.