पुण्याचे घरमालक

इंदूरला बडा गणपतीजवळच्या आपल्याच घरात श्रीराम टेंबे सकाळपासून येरझारा घालत होते. पोहे गार झाले होते, वरचा जिरावन मसालाही कोणी शिंपडला नव्हता.

घर त्यांचं, खरेदीची रजिस्ट्री त्यांच्या नावावर. मालक स्वतः राहत असेल तर मालमत्ता कर निम्मा होतो, म्हणून त्यांनी महापालिकेत अर्ज टाकला होता. कागद सगळे बरोबर निघाले. तिथला बाबू फक्त म्हणाला, घरात मालकच राहतो, अशी एका शेजाऱ्याची सही आणा. आजच, नाहीतर यंदा पूर्ण कर.

दुसऱ्या कोणासाठी हे चहा पिता पिता होणारं काम. पण टेंबे या गल्लीत आले त्याच वर्षी गणपतीचा चंदा मागायला पोरं आली, आणि त्यांनी दारातूनच सांगितलं, मकान-मालक पुण्याला असतात, आम्ही किरायेदार. युक्ती चालली, म्हणून होळीला चालवली, नवरात्रात चालवली, बोरिंगच्या वर्गणीलाही चालवली. हळूहळू पुण्याच्या मालकाला स्वभाव आला, दमा आला.

"जा आणि खरं सांगून टाका," वसुंधराबाई म्हणाल्या. "शेजारणी तब्येत विचारतात म्हणून मी त्या माणसाची बायपाससुद्धा करवली. आता माझ्याच्याने होत नाही."

टेंबे समोरच्या धनेशकडे गेले. धनेशची सियागंजात हार्डवेअरचं दुकान, आणि गल्लीतला चंदा त्याच्याच हातात. टेंब्यांनी घाम पुसत पहिल्या चंद्यापासून सगळं कबूल केलं. धनेशने शांतपणे ऐकलं, उठून दार लोटलं आणि कागदावर झोकदार सही ठोकली.

"काकाजी, हमको क्या समझा रहे हो," तो हळू आवाजात म्हणाला. "पुणेवाले निपट गए ना?"

"अरे भिया, वो थे ही नहीं."

"बस. सबको यही बोलना. थे ही नहीं."

टेंब्यांनी रजिस्ट्री पुढे केली. धनेशने ती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, इतनी बढ़िया किसने बनाई?

संध्याकाळपर्यंत निम्मा कर मंजूर झाला. टेंबे परतले तेव्हा ओट्यांवरची माणसं बोलायची थांबली. दुसऱ्याचं घर दाबून बसलेल्या माणसाकडे गल्ली बघते तशी ती बघत होती: जराशी भीती, आणि बराचसा आदर.